भाकरीचा कॅप्चा

वेबसाइटवर नाव नोंदवायला गेलं की वाकडीतिकडी अक्षरं ओळखा, चौकोनांतले सिग्नल दाखवा, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, असा जो छळ होतो, त्यातल्या परळी वैजनाथपुरत्या छळाची जबाबदारी माझी आहे. तो प्रकार आमच्या गावात मी आणला. त्याबद्दल मला कोणी शाल-श्रीफळ दिलं नाही. शिव्या मात्र पोटभर मिळाल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा घरच्याच होत्या.

आमच्या हार्डवेअरच्या दुकानामागच्या खोलीत मी कॉम्प्युटर क्लास चालवायचे. पुढे नवरा खिळे, पत्रे आणि सिमेंट विकायचा. मागे मी टायपिंग शिकवायचे, लग्नपत्रिका जुळवायचे आणि एखादं गिऱ्हाईक गळाला लागलंच तर त्याची वेबसाइट बनवून द्यायचे. एसटीडी बूथ बंद पडत चालले होते, मोबाइल नुकते मध्यमवर्गाच्या खिशात आले होते आणि आपली वेबसाइट असणं म्हणजे दारात चारचाकी असण्यासारखं झालं होतं. चालवता आली नाही तरी उभी पाहिजे. थर्मल वीजकेंद्राची राख खिडकीतून आत यायची. सकाळी मॉनिटर पुसला तरी दुपारी काचेवर बोटानं नाव लिहिता यायचं. वीज आमच्या गावात तयार व्हायची आणि आमच्याच गावातून जायची, त्यामुळे चार ओळी लिहिल्या की सेव्ह करा, हा धडा मी पोरांना पहिल्याच दिवशी द्यायचे.

तर आमच्या व्यापारी समाजाच्या वधू-वर मंडळाला वेबसाइट पाहिजे होती. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, मोठे आप्पा. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची आडत. सासरे गेल्यापासून आमच्या घरातला शेवटचा शब्द आप्पांचा असायचा, आणि बहुतेक वेळा पहिलाही. समाजाचं काम घरच्या सुनेनं करायचं, त्यात विचारायचं काय, अशा हिशोबानं ते माझ्या गळ्यात पडलं.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. लग्नाच्या पोराचा किंवा पोरीचा फॉर्म घरातला कर्ता पुरुष भरतो. ज्याचं लग्न त्यानं फॉर्मच्या आसपास फिरकायचं नाही. पोरगा निदान डोकावून तरी बघायचा, पोरीला तेही नाही. माझ्या वेळी माझ्या वडिलांनी कागदावर काय लिहिलं होतं, ते मला आजतागायत माहीत नाही. सासरची माणसं पहिले काही महिने माझ्याकडे काहीतरी राहून गेल्यासारखं बघायची, त्यावरून मला गाता येतं असं लिहिलं असावं.

आमच्या घरात तेव्हा लग्नाची होती माझी नणंद, महानंदा. आम्ही नंदा म्हणायचो. ती अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. रोज एसटीनं जाऊन-येऊन करायची. लग्नाला तिची ना नव्हती. तिचं म्हणणं एवढंच होतं की नोकरी सोडणार नाही. आप्पांचं म्हणणं होतं की या नोकरीपायीच स्थळं परत जातात. दोघांचंही खरं होतं. चहा-पोहे खाऊन लोक विचारायचे, "लग्नानंतर सोडतील ना?" नंदा म्हणायची, "न्हाई." मग ते उरलेले पोहे जरा घाईनं संपवायचे.

वेबसाइट सुरू झाली. नोंदणीचा फॉर्म भरला की नाव लगेच दिसलं पाहिजे, मधे कोणाची परवानगी नको, असा आप्पांचा हुकूम होता. पहिले काही दिवस तुरळक नावं आली. मग एका सकाळी मी पाहते तो नावांचा पूर. आप्पांना आकडा कळला आणि त्यांनी मला काही बोलायची संधी न देता मंडळाची बैठक बोलावली. परदेशातूनसुद्धा स्थळं यायलीत, असं त्यांनी भर बैठकीत जाहीर केलं. टाळ्या वाजल्या.

तो सगळा कचरा होता. ज्यांनी हे काम केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जगात कुठेतरी बसलेले लोक अशी यंत्रं सोडतात की ती वेबसाइट हुंगत फिरतात, आणि जिथे फॉर्म दिसेल तिथे प्रत्येक रकान्यात आपली जाहिरात कोंबून पुढे जातात. त्यांना लग्नाचं काही देणंघेणं नसतं. नाव विचारलं तरी जाहिरात, उंची विचारली तरी जाहिरात, पोटजात विचारली तरी जाहिरात. आमच्या साइटवर आलेल्या बहुतेक जाहिराती पुरुषांच्या ताकदीच्या गोळ्यांच्या होत्या.

हे आप्पांना सांगायचं कोणी? मी सून. नवऱ्याला म्हटलं तुम्ही सांगा. त्याला अचानक पुढे गिऱ्हाईक आल्यासारखं वाटलं आणि तो दुकानात निघून गेला. शेवटी आप्पा स्वतःच आले, माजलगावच्या एका गृहस्थांना बरोबर घेऊन.

"सूनबाई," आप्पा म्हणाले, "ते फार्मसी झालेलं परदेशी पोरगं हाय ना, त्याचा पत्ता काढून दे. ह्यांच्या पोरीसाठी इचारायलेत."

माजलगावकर म्हणाले, "घराणं कसं हाय तेवढं बघा. औषधाचा धंदा वाईट न्हाई."

मी जमिनीकडे बघत सांगितलं की ते पोरगं नाही, औषधाचं दुकान आहे. कसलं औषध, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अशक्तपणावरचं. आप्पांचा चेहरा हळूहळू तांबडा झाला. त्यांना सगळं कळलं होतं आणि मला ते कळलंय हेही त्यांना कळलं होतं. माजलगावकरांना काहीच कळलं नाही, ते अशक्तपणाबद्दल आणखी चौकशी करत राहिले. आप्पांनी त्यांना चहाच्या निमित्तानं बाहेर नेलं आणि जाता जाता मला म्हणाले, "हे बंद कर. कसं बी कर."

बंद करायचा एकच उपाय होता. माणसाला उघडेल आणि यंत्राला उघडणार नाही असं कुलूप फॉर्मला लावायचं. त्यालाच कॅप्चा म्हणतात. तयार मिळतो तो मी लावला. त्यात इंग्रजी अक्षरांचं एक चित्र यायचं, अक्षरं दारू प्यायल्यासारखी एकमेकांच्या अंगावर पडलेली, आणि ती ओळखून खाली लिहायची. गोळ्यावाले दुसऱ्या दिवशी गायब झाले. त्यांच्यासोबत आमचा समाजही गायब झाला.

फोन यायला लागले. केजच्या एका किराणा दुकानदारानं मला फैलावर घेतलं. "पोराला इंग्रजी येत न्हाई म्हनून त्याचं लगीन करू नये का?" मी म्हटलं, अहो ही परीक्षा नाही. तर म्हणाले, "मग नापास कावून करायलंय?" त्यात आमच्या भागातले मॉनिटर म्हणजे अर्धी अक्षरं चित्रातली आणि अर्धी राखेतली. आप्पांनी अध्यक्ष या नात्यानं माझ्या खोलीत बसून स्वतः प्रयत्न केला. चष्मा लावून, चष्मा काढून, मान वाकडी करून. मोंढ्यात आप्पा आले की हमाल उठून उभे राहतात, तो माणूस त्या चित्रापुढे घामाघूम झाला.

"सूनबाई," ते शेवटी म्हणाले, "हे म्हनतंय मी मानूस न्हाई."

आत स्वयंपाकघरात सासूबाई पदर सारखा करून माझ्यापुरत्या आवाजात म्हणाल्या, "यंत्राला लवकर कळालं."

त्याच दुपारी मी सासूबाईंच्या समोर बसले. त्या ज्वारी निवडत होत्या. मी म्हटलं, "आत्या, असं काहीतरी सांगा, जे आपल्या माणसाला झोपेत विचारलं तरी येईल आणि परदेशातल्या यंत्राला जन्मात येणार नाही." त्यांनी फारसा विचार केला नाही. हातातल्या ज्वारीकडे बघून म्हणाल्या, "जुन्या ज्वारीच्या भाकरीला पानी कसं घेतेत? हे कोनाला येत न्हाई?"

मला ते एकदम पटलं. प्रश्न मराठीत, खाली तीन उत्तरं, बरोबर उत्तराचा फक्त आकडा लिहायचा. एक, गार. दोन, गरम. तीन, बर्फाचं. यंत्र त्या रकान्यातही गोळ्यांची जाहिरात कोंबणार आणि तोंडावर आपटणार. सासूबाईंनी बसल्या बसल्या आणखी प्रश्न दिले. पुरण वाटायच्या आधी डाळीतून काय काढतात, येसराचा मसाला कशाला लावतात, करंजीचं पीठ कशात भिजवतात. कोणी अंदाजानं ठोकू नये म्हणून मी असं केलं, की उत्तर चुकलं की प्रश्न बदलेल आणि तीनदा चुकलं की सगळा फॉर्म कोरा होईल. कामावर मी खूश होते. मोठ्या शहरातल्या इंजिनिअरांना सुचलं नसतं ते आपण केलं, अशा तोऱ्यात मी दोन दिवस घरात वावरले.

फॉर्म पुरुष भरतात, हे त्या वेळी ना मला आठवलं ना सासूबाईंना.

आमच्याकडचे पुरुष दिवसातून दोनदा भाकरी खातात. ती कशी होते याची त्यांनी कधी चौकशी केलेली नसते. सायबर कॅफेत बसलेला बाप फॉर्म निगुतीनं भरत आणायचा आणि शेवटच्या प्रश्नाशी येऊन अडकायचा. अंदाज लावला तर फॉर्म कोरा. मग एकच मार्ग उरायचा, घरी फोन. आणि घरी फोन बाई उचलते. येसर कशाला लावतात असं नवऱ्यानं भरदुपारी विचारलं तर कोणतीही बाई आधी विचारते, कावून? अशा रीतीनं फॉर्म कोणाचा भरला जातोय, ही बातमी बीड जिल्ह्यात पहिल्यांदाच वेळेवर घरात पोचायला लागली.

आष्टीकडची एक मुलगी मला अजून आठवते. बापाचा फोन तिनेच उचलला होता. तिनं उत्तर सांगितलं नाही, तडक कॅफेत जाऊन बापाच्या शेजारी बसली आणि फॉर्म वरून खालपर्यंत वाचला. नंतर तिनेच मला फोन केला. "म्याडम, हे प्रश्न यायच्या आधी वडलांनी एकदा पाठवलेला फॉर्म तुमच्याकडं हाय का? त्यात उंची पाच-चार हाय. मी पाच फूट हाय. लग्नापर्यंत वाढायचं काही लक्षण न्हाई." मी तिची उंची दुरुस्त केली. त्या दिवशी मला या धंद्याबद्दल जो अभिमान वाटला तो नंतर बँकेची वेबसाइट करूनही वाटला नाही.

मंडळात कुरबुर सुरू झाली. नोंदणी आहे का पाककृतीची स्पर्धा, असं एकानं विचारलं. आप्पांनी माझी बाजू घेतली, कारण गोळ्यावाले पुन्हा फिरकले नव्हते. मोंढ्यातल्या त्यांच्या मुनिमाकडे कॉम्प्युटर होता आणि सगळी नावं ते तिथून रोज बघायचे. त्यात लातूरचं एक स्थळ त्यांच्या मनात भरलं. चांगलं खातंपितं घर, दुकानं, शेती. अट एकच, मुलगी घर सांभाळणारी हवी.

तो रविवार होता. नंदा घरी होती, डोक्याला तेल लावून मधल्या खोलीत पेपर वाचत होती. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी दारातच लसूण सोलत होते. फोन वाजला तो नंदानं घेतला. आप्पांचा आवाज मोंढ्यातल्या लिलावासाठीच लावून ठेवलेला, रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला तरी आख्ख्या घराला ऐकू जायचा.

"नंदे, तुझ्या आईला दे."

"आई न्हाई घरात. काय काम हाय आप्पा?"

"काई न्हाई. जुन्या ज्वारीच्या भाकरीला पानी कसं घेतेत? गार का गरम?"

नंदानं पेपर घडी करून खाली ठेवला.

"कोनाचा फॉर्म भरायलात आप्पा?"

आप्पांचा एक गुण मान्य केला पाहिजे. आडत्याचा धंदा करूनही त्यांना घरच्या माणसाशी खोटं बोलता यायचं नाही.

"तुजाच," ते म्हणाले.

"नोकरीच्या खान्यात काय लिव्हलंय?"

"सोडायला तयार."

"मग भाकरीचं पानी मला माहीत न्हाई," नंदा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

आप्पांना असं उत्तर आमच्या घरात त्याआधी कोणी दिलेलं नव्हतं. मला उठून तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण हाताला लसणाचा वास आणि मनात भीती, मी तशीच बसून राहिले.

पुढचं मला मुनिमांनी सांगितलं. आप्पांनी आधी मुनिमाला विचारलं, मग शेजारच्या आडत्याला, मग आख्ख्या मोंढ्याला. ही सगळी पोत्यानं ज्वारी विकणारी माणसं. मूठभर दाणे हातात घेतले तर कोणत्या शिवारातले, किती जुने, ते सांगतील. पण त्या दाण्यांची भाकरी करताना पाणी कसं घ्यायचं यावर तिथे दोन तट पडले. गारवाल्यांचं बहुमत झालं. आप्पांनी एक लिहिलं, ते चुकलं. मग पुरणाचा प्रश्न आला, त्यावर तर सभा उधळली. तिसऱ्यांदाही चुकलं आणि फॉर्म कोरा झाला. आप्पांनी तो पुन्हा भरला आणि स्वतःच्या घरी, थोरल्या सासूबाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, कोणाचा फॉर्म? आप्पा म्हणाले, नंदाचा. थोरल्या सासूबाई म्हणाल्या, "मग नंदाला विचारा."

यानंतर आप्पांनी मला फोन केला. "सूनबाई, तो प्रश्न काढून टाक."

ते अध्यक्ष, मी सून. तरी म्हटलं, "काढते की आप्पा. तुम्ही म्हणता तर आत्ता काढते. फक्त ती फार्मसीवाली स्थळं परत येतील."

आप्पांनी फोन ठेवून दिला.

दुपारी आप्पा घरी आले. ओसरीवर बसले, पाणी प्यायले. नंदा समोर येऊन उभी राहिली. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. आप्पा मात्र थकलेल्या आवाजात बोलले.

"मला तुजं वाईट करायचं न्हाई गं. नोकरी म्हनलं की लोक पाठ फिरवायलेत."

"फिरवू द्या."

"अन् कोनीच न्हाई आलं तर?"

"तर सकाळच्या एसटीनं अंबाजोगाईला जाईन, संध्याकाळी परत येईन. आता जाते तशीच."

ती हे सहज बोलली, पण सहज नव्हतं ते. आमच्या समाजात बिनलग्नाची राहिलेली बाई म्हणजे काय, हे आम्हां तिघांनाही माहीत होतं. तिलाही लग्न हवं होतं, घर हवं होतं. माझं मूल मांडीवर घेऊन बसलेली असताना मी तिचा चेहरा पाहिलेला होता.

आप्पा उठून माझ्या खोलीत गेले आणि कॉम्प्युटरपुढे बसले. "सांग," ते म्हणाले, "काय लिहू." नंदा खुर्चीमागे उभी राहून सांगत गेली आणि आप्पा एका बोटानं एकेक अक्षर शोधून दाबत गेले. नोकरी करते, पुढेही करणार. त्या वाक्याला त्यांना इतका वेळ लागला की मला वाटलं मधेच वीज जाणार. शेवटी खाली प्रश्न आला तो करंजीचा. आप्पांनी तो पुरता वाचायच्या आत नंदा म्हणाली, "दोन." फॉर्म गेला.

लातूरवाल्यांचा फोन आला. आप्पा आमच्याकडेच होते, त्यांनीच घेतला. लातूरवाल्यांनी विचारलं, नोकरी सोडेल ना? आप्पा म्हणाले, "लिव्हलंय ते वाचलं न्हाई का तुमी?" पलीकडून काहीतरी समजूत घातली जात होती. आप्पा ऐकत राहिले, मग म्हणाले, "न्हाई, तसं कसं. मी सोता लिव्हलंय ते." ते स्थळ गेलं. त्यानंतरही फोन येत राहिले, आप्पा आलेले असले की तेच घ्यायचे, प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच, आणि आप्पांचं उत्तरही तेच. दर वेळी फोन ठेवला की ते थोडे म्हातारे दिसायचे. माझी आणि त्यांची नजरानजर झाली की मलाच अपराधी वाटायचं. कुलूप मी लावलं होतं, दाराबाहेर नंदा उभी होती. पुढे फोन कमी झाले. घरात त्या विषयावर कोणी बोलेना. नंदा रोज सकाळी डबा घेऊन एसटी गाठायची.

ती वेबसाइट आता नाही. मंडळाचा कारभार मोबाइलच्या ग्रुपवर गेला. फॉर्म राखायचं काम परदेशी कंपन्या फुकटात करतात आणि परळीच्या माणसाला त्याच्या गावात नसलेल्या सिग्नलांची चित्रं दाखवतात. ती कुलपं उघडायला घरी फोन करावा लागत नाही. काम सुटल्याचं मला फार दुःख नाही. एवढं मात्र वाटतं, की पोरीचा फॉर्म भरताना बापाला आता अडवणारं कोणी उरलं नाही.

एक फोन सांगते आणि थांबते. नंदाचा फॉर्म भरला त्याच्या पुढच्या वर्षी, संक्रांतीच्या सुमारास असाच रविवारी आला. आप्पा तिळगूळ घ्यायला आमच्याकडे आले होते, म्हणून त्यांनीच उचलला. आम्ही सगळ्या आत पोळ्या करत होतो. आप्पांनी नाव-गाव ऐकून घेतलं आणि सवयीनं सुरुवात केली, "ती नोकरी सोडनार न्हाई, आधीच सांगतो..." आणि एकदम थांबले. पलीकडचं सगळं ऐकून घेतलं. मग रिसीव्हरवर हात ठेवून स्वयंपाकघराच्या दारात जितकी वायर येईल तितके आले. मोंढ्यातला तो आवाज त्या दिवशी कुठे गेला होता कोण जाणे.

"नंदे," ते हळू म्हणाले, "अंबाजोगाईहून मुलाची आई बोलायलीय. तुजी ड्युटी दिवसाची असती का रातची बी असती, असं इचारायलीय. रातची असली तर पोरगा आनायला-सोडायला येईल म्हनती. काय सांगू?"

पोळी तव्यावर तशीच राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही. नंदानं हाताचं पीठ पदराला पुसलं आणि आप्पांच्या हातातून फोन स्वतःच घेतला.